ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये तुम्ही 'रेड' निघालात की 'ग्रीन'? आधी या चाचण्यांची गोष्ट वाचा

"पर्सनॅलिटी वर्कशॉप, शनिवारी, हजेरी सक्तीची." असा मेल आला की टीममध्ये दोन गट पडतात. एक गट नाश्त्याला काय असेल याची चौकशी करतो, दुसरा नेमका तेव्हाच क्लायंट कॉल लावता येतोय का ते बघतो. हिंजवडी असो की ऐरोली, पुढचा कार्यक्रम ठरलेला. प्रश्नावली, तुमचा रंग कोणता याचा निकाल, एखादा टीम गेम, ग्रुप फोटो आणि फीडबॅक फॉर्म.

पण गंमत बघा, निकाल हातात आला की मागच्या रांगेत पेंगणारेसुद्धा जागे होतात. "अरे, हा तर मीच!"

असं का होतं, याचं उत्तर 1948 मध्येच मिळालंय. बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. किती जुळतंय त्याला 5 पैकी मार्क द्या म्हणाला. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि तो ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता.

मग या चाचण्या आल्या कुठून? सगळ्यात गाजलेली एमबीटीआय बनवली कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. कार्ल युंगचे विचार त्यांना पटले होते आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत कामाला येणाऱ्या बायकांना मानवेल असं काम मिळावं, हा उद्देश होता. चार रंगांवाल्या 'डिस्क'चं मूळ विल्यम मार्स्टनच्या 1928 च्या पुस्तकात आहे. हा तोच माणूस ज्याने पुढे वंडर वुमन हे पात्र तयार केलं! त्याने स्वतः चाचणी बनवलीच नव्हती, ती नंतर दुसऱ्यांनी बनवली.

अडचण अशी की माणसं अशी खणांत बसत नाहीत. बहुतेक जण अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मध्येच कुठेतरी असतात. रेषेच्या या बाजूला एक गुण कमी पडला की तुम्ही अंतर्मुख, त्या बाजूला एक जास्त पडला की बहिर्मुख. त्यामुळे पाच आठवड्यांनी एमबीटीआय परत दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो, असं अभ्यासांत दिसलंय.

एवढ्यावर हसून सोडून देता आलं असतं. पण वर्कशॉपमध्ये चिकटलेलं लेबल सोमवारी डेस्कपर्यंत येतं. "ती इंट्रोव्हर्ट आहे, प्रेझेंटेशन दुसऱ्याला दे." एका वाक्यात एखादीची संधी जाते, आणि तिला कारण कळतही नाही. भरतीसाठी ही चाचणी वापरू नका, असं एमबीटीआयवाले स्वतःच सांगतात. तरी दक्षिण कोरियात काही नोकरीच्या जाहिरातींत उमेदवाराचा एमबीटीआय प्रकार विचारल्याच्या बातम्या आल्याच.

मग असं ट्रेनिंग बंदच करायचं का? मला नाही वाटत. आपल्या स्वभावाबद्दल बोलायला लोकांना आवडतं, हीच ट्रेनरची खरी भांडवली रक्कम आहे. ती रंग वाटण्यात उडवायची नाही, एवढंच.

उदाहरणार्थ, फोररचा प्रयोग तिथेच करून बघा. सगळ्यांना एकच रिपोर्ट द्या, मार्क घ्या आणि मग कागद शेजाऱ्याशी बदलायला सांगा. हॉलमध्ये जो हशा पिकेल तो कुठल्याही बलून गेमला पिकणार नाही. किंवा जमिनीवर एक टेप लावा. एका टोकाला "अडचण आली की लगेच फोन करतो", दुसऱ्या टोकाला "आधी स्वतः डोकं लावतो". ज्याने त्याने आपल्या जागी उभं राहायचं. बरेच जण मध्येच गर्दी करतात, आणि मॅनेजर एका टोकाला, टीम दुसऱ्या टोकाला असेल तर तेही उघड दिसतं. पुढचा तासभर त्यावरच बोला. रात्री अकराच्या मेसेजला उत्तर अपेक्षित आहे का, रिलीजच्या आदल्या दिवशी कोण कोणावर का चिडतं, असं. फक्त एक अट: ज्याला बोलायचं नाही त्याला गप्प बसू द्या, आणि कोणाचाही रिपोर्ट अप्रेझलच्या फाइलमध्ये जाणार नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगा.

राहिला फीडबॅक फॉर्म. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये ट्रेनिंग मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामावर परिणाम झाला का. संध्याकाळी भरून घेतलेला फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो. तिसरी तपासायला दोन-तीन महिन्यांनी त्याच टीमला परत भेटावं लागतं. कोटेशनमध्ये ती दुसरी भेट धरली आहे का, हे एचआरने बुकिंगच्या आधीच विचारायला हवं.