रात्रीच्या गाडीला दुसरा चालक हवाच!



8 ऑक्टोबर 2022. नाशिक शहर, पहाटे सव्वापाचचा सुमार. यवतमाळहून मुंबईला निघालेली स्लीपर बस ट्रकला धडकून पेटली. 12 माणसे गेली. 15 एप्रिल 2023. बोरघाट, पहाटे साडेचारचा सुमार. पुण्याकडून मुंबईला परतणारी बस दरीत कोसळली. 13 गेली. 1 जुलै 2023. सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्ग, मध्यरात्री दीडचा सुमार. नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली. 25 गेली.

नऊ महिन्यांत तीन रात्री आणि पन्नास माणसे. यातल्या कुठल्या अपघाताला नेमके काय कारण, ते तपासाने आणि न्यायालयाने सांगायचे. आम्ही फक्त घड्याळाकडे बोट दाखवतो आहोत. तिन्ही वेळा अशा आहेत की त्या वेळी देहाला झोपेशिवाय दुसरे काही नको असते.

अशा प्रत्येक अपघातानंतर काय होते ते तुम्ही पाहिलेले आहे. मृतांच्या वारसांना लाखांची मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते, आठवडाभर टोलनाक्यावर गाड्या अडवून कागद तपासले जातात. मग सणाची गर्दी येते आणि सगळे होते तसे सुरू होते. खासगी रातगाड्यांचे बाकीचे हालही तुम्हाला सांगायला नकोत. मनाला येईल ते भाडे, डिक्कीत ठासून भरलेली पार्सले, संकटकाळच्या दाराला टेकवून ठेवलेली खोकी, हात जोडले तरी बायाबापड्यांसाठी न थांबणारी गाडी. या प्रत्येकावर वेगळे पत्रक निघेल. आज आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत: रात्रभराच्या गाडीवर एकच चालक पाठवण्याची पद्धत.

पुणे ते नागपूर हे अंतर सातशे किलोमीटरच्या घरात आहे. व्यापारी प्रवासी गाडीला ताशी 80 चा वेगनियंत्रक बसवलेला असतो. जेवण, डिझेल, टोल धरून सरासरी साठची पडली, तर ही बारा तासांची ड्युटी झाली. (बारा तासांची गाडी साडेनऊ-दहा तासांत पोचवली म्हणून कोणी शाबासकी मिरवत असेल, तर 80 ला बांधलेली गाडी इतकी कशी धावली हे त्याने आधी सांगावे.) पण बारा तास हे फक्त रस्त्यावरचे. ड्रायव्हरचा खरा दिवस त्याच्या बराच आधी सुरू होतो.

सकाळी आठला गाडी पुण्यात लागते. शेवटचा प्रवासी वाकडला किंवा निगडीला उतरला की पार्सले उतरवायची, पावत्या जुळवायच्या. मग गाडी धुवायला, मग टायरची हवा, मग डिझेल. कुठे खटखट ऐकू येत असेल तर गॅरेज. अकराच्या सुमाराला शहराबाहेरच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर गाडी उभी राहते आणि तिथे तो झोपतो. कुठे? त्याच गाडीच्या बर्थवर. इंजिन बंद, म्हणून एसी बंद. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या त्या डब्यात कोणाला झोप लागत असेल ते ज्याने त्याने दुपारी दोन वाजता अर्धा तास पडून पाहावे. पुष्कळ जण खालच्या डिक्कीची फळी उघडी टाकून तिथे अंग टेकतात, कारण निदान वारा लागतो. तीनच्या पुढे फोन सुरू होतात. मॅनेजर विचारतो गाडी कुठे आहे, पार्सलवाला विचारतो कधी येऊ. पाचला पुन्हा पिकअप. म्हणजे चार तास पडला, त्यातले दोन-तीन तास झोपला असेल, आणि तीन वाजता उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाडी नागपूरला लागते तेव्हा तो सतरा तास जागा असतो. आणि हा त्याचा एकच दिवस नव्हे. त्याच संध्याकाळी तोच माणूस, तीच गाडी, तोच रस्ता उलट दिशेने.

सतरा तासांचा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे चालण्याचा वेग रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे 1997 पासून शास्त्रीय प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याने मद्याची मर्यादा घातली आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला नाक्यावर तोंडात नळी देऊन पकडतात, आणि ते योग्यच आहे. त्याच्याहून वाईट अवस्थेतला माणूस त्याच नाक्यावरून चाळीस जिवांना घेऊन पुढे जातो आणि त्याला कोणी हटकत नाही. ताशी 80 ला गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे जाते. चार सेकंद पापणी मिटली तर नव्वद मीटर रस्ता कोणीही न पाहता मागे पडला.

एका रातगाडीत आम्ही केबिनमध्ये बसून हे पाहिले आहे. दोनच्या पुढे ड्रायव्हरने गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळला. तीनला त्याने खालच्या पापणीखाली बोटाने बाम लावला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि त्या पाण्यातून तो समोरचे दिवे पाहत राहिला. पुढे खिडकीची काच उघडून त्याने डोके बाहेर काढले. तंबाखू तर सारखीच चालू होती. शेजारी किन्नर घोरत होता. हा माणूस बेफिकीर नव्हता. जागे राहण्यासाठी एखाद्याला जे जे करता येईल ते सगळे तो करत होता. मागे पडद्याआड लहान मुले झोपली होती.

आता कायदा पाहू. 1961 साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गावर मंजुरी घेऊन फार तर दहा आणि चोपन्न. सलग पाच तासांहून जास्त काम नाही, त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाची ड्युटी संपली की पुढची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास सुट्टी. आणि कामाच्या तासांत नुसते गाडी चालवणे धरलेले नव्हते. गाडीची देखभाल, सामान चढवणे-उतरवणे हेही धरले होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने हेच तास चालकांना लागू केले. पुढे कामगार कायद्यांच्या संहिता झाल्या, नावे बदलली, दिवसाचे आठ तास मात्र बदलले नाहीत. आठ तासांत साठच्या सरासरीने चारशे ऐंशी किलोमीटर होतात. सातशे होत नाहीत. म्हणजे पुणे-नागपूर गाडीला दुसरा चालक लागतो हे साध्या भागाकाराने निघते, त्याला कुठल्या समितीची गरज नाही.

मग हे मोडले तर काय होत असे? 1961 च्या त्या कायद्यात शिक्षा होती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. पाचशे रुपये! दिवाळीत एका बर्थचे भाडे त्याच्या कितीतरी पट असते.

आणि झोपेने किती माणसे मेली हे तुम्ही सरकारला विचाराल तर उत्तर मिळणार नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यातली 15,224 महाराष्ट्रात. केंद्राच्या अहवालात वाहतूक नियमभंगाचे रकाने आहेत: अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने गाडी चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाईल. त्यानंतर शेवटी ‘इतर’. थकलेल्या, झोपाळलेल्या चालकाला त्यात स्वतःचा रकाना नाही. ज्याची नोंदच नाही, त्याच्यावर उपाय कोण शोधणार? दर जानेवारीला रस्ता सुरक्षा अभियानात चालकांना गुलाब देतात, नेत्रतपासणी करून चष्मे वाटतात. डोळे तपासा, जरूर तपासा. पण हे डोळे काल किती तास मिटले होते, हा प्रश्न त्या मांडवात कोणी विचारत नाही.

आता या पद्धतीच्या वकिलांची उत्तरे ऐका.

पहिले: ‘दुसरा ड्रायव्हर परवडत नाही.’ हिशेब करू. दुसऱ्या चालकाला रात्रीचे दीड हजार रुपये द्यायचे ठरवले आणि गाडीत तीस बर्थ धरल्या, तर माणशी पन्नास रुपये. ढाब्यावर एका माणसाची मिसळ आणि चहा याहून महाग पडते. राज्य सरकारच्या 27 एप्रिल 2018 च्या निर्णयाप्रमाणे खासगी गाडीला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. सणासुदीला ही मर्यादा कशी धाब्यावर बसवतात ते तिकीट हातात धरून उभ्या असलेल्या तुम्हाला ठाऊक आहे. लुटीच्या त्या पैशातून एक माणूस परवडत नाही, असे सांगणाऱ्याने निदान आमच्या तोंडावर सांगू नये.

दुसरे: ‘त्याला सवय आहे हो, वीस वर्षे हेच करतोय.’ झोपेची सवय मोडता येत नाही. वीस वर्षे उपाशी राहायची सवय कोणाला होते का? वीस वर्षांचा अनुभव गाडी हाताळायला उपयोगी पडतो. पहाटे तीनला मिटणारी पापणी अनुभव विचारत नाही. उलट वीस वर्षांच्या जागरणाने त्याला रक्तदाब आणि मधुमेह मात्र दिलेला असतो.

तिसरे सर्वांत संतापजनक: ‘किन्नर असतो की सोबत, तोही थोडी चालवतो.’ म्हणजे ज्याच्याकडे बस चालवण्याचा परवाना नाही, अशा वीस वर्षांच्या पोराच्या हाती मध्यरात्री महामार्गावर स्टिअरिंग द्यायचे आणि यालाच सोय म्हणायचे. अशी सोय करणाऱ्यावर आणि ती माहीत असून गाडी सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे. याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे कागदावरचा दुसरा चालक. नाव असते, सही असते, माणूस गाडीत नसतो. किंवा असतो, पण दिवसभर दुसरी गाडी मारून आलेला.

चौथे नवे आहे आणि विद्वत्तेच्या सुरात सांगितले जाते: समृद्धीसारखा सरळ रस्ता चालकाला संमोहित करतो. एकसुरी रस्त्याने गुंगी येते हे खरेच आहे. पण मग सरळ रस्त्यावर दोन चालकांची गरज वाढते की कमी होते? रस्त्याला दोष देऊन मालकाचा हिशेब मोकळा करण्याची ही युक्ती आहे. आणि ‘ड्रायव्हरच मिळत नाहीत’ असे म्हणणाऱ्याने डिक्कीत झोपवण्याऐवजी चालकाला पंखा आणि न्हाणीघर असलेली खोली देऊन पाहावी. लांबच्या गाडीवर वाटेत चालक बदलण्याची पद्धत एसटीत जुनी आहे. तिथेही विश्रांतीगृहांची दैना आहे, त्याबद्दलही आमची तक्रार आहेच. पण चालक बदलायचा असतो, एवढे तरी तिथे मान्य आहे.

जपानचे उदाहरण पाहा. 29 एप्रिल 2012 च्या पहाटे तिथल्या गुन्मा प्रांतात रातगाडी महामार्गाच्या भिंतीवर आदळली. चालक झोपला होता. सात प्रवासी गेले. त्या वेळी एका चालकाने 670 किलोमीटरपर्यंत चालवावे अशी मुभा होती. सात मृत्यूंनंतर पुढच्याच वर्षी रात्रीच्या एकट्या चालकासाठी ती मर्यादा साधारणपणे 400 किलोमीटरवर आणली गेली. युरोपात साडेचार तास चालवले की पाऊण तास थांबणे सक्तीचे आहे आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्याकडे पन्नास मृत्यूंनंतर एका चालकाने रात्रीत किती किलोमीटर चालवावे, हा आकडासुद्धा बसच्या दारावर लिहिलेला नाही.

आमची मागणी साधी आहे. रात्री चारशे किलोमीटरहून लांब जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर परवानाधारक दोन चालक. दोघांची नावे आणि प्रत्येकाची आधीची ड्युटी किती वाजता संपली, हे गाडीच्या दाराशी फलकावर. झोपणाऱ्या चालकासाठी केबिनमागे खरी बर्थ, जी तिकिटावर विकता येणार नाही. प्रत्येक वेळी चालक बदलल्याची वेळ लिहिलेली, टोलनाक्यावर तपासता येईल अशी. आणि अपघात झाला की गुन्हा एकट्या ड्रायव्हरवर न थांबवता, त्याला त्या अवस्थेत गाडीवर बसवणाऱ्याचे नावही त्याच फिर्यादीत.

तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. तिकीट काढताना विचारा: दुसरा ड्रायव्हर कोण, आणि तो सकाळपासून काय करत होता? एजंट हसेल, ‘काळजी करू नका’ म्हणेल. नाव सांगितले नाही तर दुसऱ्या खिडकीवर जा, एसटीच्या रातराणीने जा, सकाळी निघा. गाडीत चढल्यावर दोन चेहरे पाहून घ्या. हे पत्रक शेजारच्या प्रवाशाला वाचायला द्या. आणि पहाटे तीन वाजता कोणी ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन ‘दादा, डोळा लागतोय, अर्धा तास पडतो’ म्हणाला, तर त्याच्यावर ओरडू नका, मॅनेजरला फोन करून तक्रार करू नका. त्याला झोपू द्या, आणि उशीर झाल्याबद्दल मालक त्याचा भत्ता कापणार असेल तर सगळ्यांनी मिळून मालकाच्या ऑफिसात जाऊन जाब विचारा.