सहा वर्षे थांबायचे कोणी सांगितले?

"अजून लहान आहे, बोलेल की! ह्याचे आजोबा चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, पुढे कोर्ट गाजवले त्यांनी." काचीगुडा असो, बडीचावडी असो की बरकतपुरा, दोन वर्षांचे मूल अजून 'आई' म्हणत नाही अशा आपल्या प्रत्येक घरात हे वाक्य ऐकू येते. आजोबांच्या वकिलीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ते आजोबा पुढे बोलले, म्हणूनच आज त्यांची आठवण निघते. जे कधीच बोलले नाहीत, त्यांची नावे आपापल्या वंशावळीत शोधून पाहा. माडीवरच्या मागच्या खोलीत जन्म काढलेले काका, लग्नकार्यात पाहुण्यांसमोर न आणलेली आत्या, 'जरा भोळा आहे' एवढ्यावर ज्याची ओळख संपली तो चुलतभाऊ. तीन-चार पिढ्या या शहरात असलेल्या आपल्या घराण्यांत अशी माणसे नव्हती असे ज्याला छातीठोकपणे म्हणता येईल, त्याने हा लेख पुढे वाचू नये.

आम्ही अशा मुलांचे आईबाप आणि आजी-आजोबा आहोत, याच मंडळाचे जुने सभासद आहोत, आणि भांडायला आलो आहोत.

पहिले भांडण घरातल्या वडीलधाऱ्यांशी. वर्षाचे मूल नावाने हाक मारली की वळून पाहते, हवी ती वस्तू बोटाने दाखवायला लागते. दोन वर्षांपर्यंत ते 'बाबा ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडते. हे होत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर त्याच महिन्यात दाखवावे. सर्वांत आधी कान तपासावेत. ही तपासणी नवजात बाळाचीही झोपेत होऊ शकते, तिला मुलाने उत्तर द्यावे लागत नाही. ऐकूच येत नसलेल्या मुलाला हट्टी, लाडावलेले किंवा मंद ठरवून दोन वर्षे वाया घालवल्याची उदाहरणे आपल्या गोतावळ्यात कमी नाहीत. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू जितका घडतो तितका पुढे घडत नाही. तेव्हा तासाभराच्या खेळातून जे साधते, त्याला दहाव्या वर्षी महिने लागतात, आणि काही गोष्टी साधतच नाहीत. मूल पुढे आपोआप बोलायला लागले, तर आधी दाखवल्याने काहीच बिघडत नाही. नाही लागले, तर वाट पाहण्यात गेलेले दिवस कुठला डॉक्टर परत देणार?

आणि हा काही दोन-चार घरांचा प्रश्न नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणची सुमारे चार हजार मुले तपासली गेली होती. त्या पाचांत उत्तर गोवा होता आणि आपले हैदराबादही होते. दोन ते सहा वयाच्या मुलांत सुमारे 9 टक्के आणि सहा ते नऊ वयाच्या मुलांत सुमारे 14 टक्के मुलांना ऐकणे, बोलणे, हालचाल, बुद्धी, स्वमग्नता यांसारखी मेंदूच्या वाढीशी वा इंद्रियांशी संबंधित किमान एक अडचण आढळली. शहर-खेडे, मुलगा-मुलगी, धर्म यांनी त्यात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे 'आमच्या घराण्यात असले काही नाही' या वाक्याला काडीचाही आधार नाही.

दुसरे भांडण सरकारशी. कायदा वाचला तर हसावे की रडावे कळत नाही. 1995 च्या अपंग कायद्यात मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत मोफत शिक्षण असे म्हटले होते, खालची वयाची अट नव्हती. 2016 चा नवा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार 21 झाले, स्वमग्नतेला जागा मिळाली, आम्ही पेढे वाटले. पण कलम 31 मध्ये मोफत शिक्षणाचा हक्क लिहिला तो 'सहा ते अठरा' वर्षांसाठी, आणि तोही 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना. ज्या वर्षांत शिकवण्याचा सर्वांत जास्त उपयोग, तीच वर्षे हक्कातून बाहेर! आपले आजोबा आणि संसद, दोघांचेही मत एकच निघाले: थांबा.

त्याच कायद्याचे कलम 25 मात्र सांगते की सरकारने आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी, म्हणजे आपल्या महापालिकेनेही, धोका असलेली मुले हुडकण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी करावी. सर्व मुलांची! आता वाचकांनीच सांगावे, तुमच्या नातवाला तपासायला आजवर कोण आले? 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथके सहा वर्षांखालच्या मुलांना तपासतात ती अंगणवाडीत, आणि मोठ्यांना सरकारी व अनुदानित शाळेत. आपली मुले अंगणवाडीत जात नाहीत, कारण अंगणवाडी ही 'त्या लोकांची' अशी आपली समजूत. (डहाणूकडच्या आदिवासी पाड्यांवर ताराबाई मोडकांनी अंगणवाडी सुरू केली, ही कल्पना मराठी मातीतली आहे, हे भाषणात सांगायला मात्र आपल्याला आवडते.) आपली मुले जातात गल्लीच्या कोपऱ्यावरच्या प्ले स्कूलमध्ये. तिथे भिंतीवर मिकी माऊस असतो, पथक येत नाही. मध्यमवर्गीय मूल गरिबांच्या योजनेतही नाही आणि श्रीमंतांच्या दवाखान्यातही नाही.

या प्ले स्कूलांचा अनुभव काय सांगावा! आमच्यातल्या एका सभासदाच्या नातवाला एका नामांकित शाळेने दीड महिन्यानंतर घरी पाठवले. फी परत केली नाही. कारण विचारले तर, "बाकीचे पालक तक्रार करतात." त्या बाकीच्या पालकांत दोन घरे आपलीच होती.

तिसरे भांडण सर्वांत जिव्हाळ्याचे आहे, आणि त्यासाठीच हे पान आम्ही मागून घेतले. मूल बोलत नाही म्हणून आईबाप थेरपीसाठी जातात. पहिल्या अर्ध्या तासात प्रश्न येतो, घरात कुठली भाषा बोलता? मराठी. बाहेर? बाहेर आपली हैदराबादी, 'नक्को' आणि 'हौ' वाली. थेरपिस्टची तेलुगू, शाळेची इंग्रजी. मग निदान होते: इतक्या भाषांमुळे मूल गोंधळले आहे, घरात फक्त इंग्रजी बोला. आईबाप घाबरलेले असतात, ते ऐकतात. त्या दिवसापासून घरातली आजी मुकी होते. जिला 'कम हिअर' आणि 'सिट डाऊन' याखेरीज इंग्रजी येत नाही, तिने नातवाशी काय बोलायचे? दिवसातले सात-आठ तास मुलाजवळ असणारे माणूस तीच असते. मुलाला बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच त्याच्याभोवतीचे बोलणे आपण बंद करतो, आणि त्याला उपचार म्हणतो!

या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या दुभाषिक मुलांचा कॅनडातला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, स्वमग्न मुलांचा 2012 मध्ये. दोन भाषांमुळे या मुलांची भाषा एकभाषिक तशाच मुलांपेक्षा मागे पडते, असे त्यांत दिसले नाही. मूल भाषा शिकते ती माणसाच्या मांडीवर. अंघोळ घालताना, वरणभात भरवताना, देवासमोर घंटा वाजवताना जी भाषा घरात सहज वाहते तीच त्याला सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत प्रेमाने ऐकू येते. चांगला थेरपिस्ट घरची भाषा विचारून घेतो, आजीला समोर बसवतो आणि तिच्याच शब्दांतून खेळ कसे करायचे ते शिकवतो. असे थेरपिस्ट या शहरात आहेत. पालकांनी फक्त विचारायचे धाडस करावे. आणखी एक विचारावे: स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, 1992 च्या कायद्याने. दर खेपेला शेकडो रुपये मोजताना नोंदणी क्रमांक मागायला लाजू नये. भाजी घेताना आपण यापेक्षा जास्त चौकशी करतो.

घरापासून तासाभरावर, बोवेनपल्लीच्या मनोविकासनगरात 1984 पासून राष्ट्रीय संस्था उभी आहे. पूर्वी मतिमंदांसाठीची म्हणून ओळखली जाई, आता नाव बदलून बौद्धिक दिव्यांगजनांच्या सक्षमीकरणाची संस्था झाले आहे. अगदी लहान मुलांसाठी तिथे सेवा आहेत, 2021 मध्ये सर्व प्रकारच्या अपंगत्वांसाठी लवकर उपचाराचे केंद्रही सुरू झाले. देशभरातून लोक रेल्वेने सिकंदराबादला उतरून तिथे जातात. आपल्यातले कितीतरी लोक त्या फाटकावरून बसने गेलेले असतील, आत गेलेले नसतील. कारण? "कोणी पाहिले तर मुलीच्या लग्नाला अडचण."

आता मंडळाविषयी. 1907 मध्ये, राजभाषा उर्दू असताना, या शहरात मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी उभी राहिली. त्या पिढीचे गोडवे आपण दर वर्धापनदिनी गातो. आज दुकानांच्या पाट्यांवर, शाळेतल्या भाषेच्या सक्तीवर आपण ठराव करतो, निवेदने देतो, फोटो काढतो. ते जरूर करावे. पण एका तीन वर्षांच्या मुलाच्या घरातून मराठी काढून टाकायला सांगितली जाते, त्यावर आजवर एक ठराव नाही. मराठी टिकवायची म्हणजे फक्त वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या मुलांचीच का? गणेशोत्सवात श्लोक म्हणायला रंगमंचावर चढलेले मूल मध्येच थांबले, तर पुढच्या रांगेतून हशा येतो. ज्या आईने महिनाभर त्याच्याकडून एक ओळ घोकून घेतली, ती पुढच्या वर्षी येत नाही. मग आपणच म्हणतो, नवी पिढी मंडळात फिरकत नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. मंडळाचे सभागृह सकाळी दहा ते बारा रिकामे असते. तिथे आठवड्यातून तीन दिवस मराठी बालवर्ग भरावा, सर्व मुलांचा, एकत्र, आमचीही आणि तुमचीही. नोंदणीकृत थेरपिस्टला महिन्यातून एकदा बोलवावे, मानधन आम्ही पालक गोळा करू. आणि महापालिकेच्या निवडणुकीत जो कोणी मराठी मतांसाठी हात जोडून दारात येईल, त्याला चहा देण्याआधी एवढेच विचारावे की कलम 25 प्रमाणे या वॉर्डातली किती मुले तपासली, आणि प्ले स्कूलमधली त्यांत किती.

सभागृहासाठीचा अर्ज, बावीस सभासदांच्या सह्यांनिशी, कार्यकारिणीकडे दिला आहे. एका ज्येष्ठ सदस्यांनी तोंडी सांगितले की दहा ते बारा या वेळात सभागृहाची साफसफाई असते. लेखी उत्तर आले की याच पानावर छापू.