पाळणा घरचा, हिशेब कोणाचा?

बर्मिंगहॅम हे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. एके काळी मॉरिशसमधून कितीतरी मुली परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या इस्पितळांत आयुष्यभर राबल्या. त्यांची पत्रे ज्या घरांत येत, त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना लंडनखालोखाल मोठे असे हे कारखान्यांचे शहर ऐकून माहीत असते. पण आज आम्ही त्या शहराचे नाव घेत आहोत ते वेगळ्या कारणासाठी. नवराबायकोने किती मुले होऊ द्यावीत, ती कोणत्या उपायाने थांबवावीत आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी, हा प्रश्न त्या एका शहरात दवाखान्यात विचारला गेला, देवळात विचारला गेला, कादंबरीत विचारला गेला आणि राजकारणाच्या व्यासपीठावरही विचारला गेला. आमच्या बेटावर कॅथलिक शेजारी भिंतीला भिंत लावून राहतात. म्हणून हा प्रश्न परक्यांचा आहे असे मानून आम्हाला चालणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅथलिक धर्म म्हणजे होतील तितकी मुले होऊ देणे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ या तारखेचे ‘ह्यूमाने विते’ हे धर्मपत्र काढले. त्यात जबाबदार पालकत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. शरीराच्या, मनाच्या, पैशाच्या किंवा घरच्या परिस्थितीच्या गंभीर कारणांसाठी पुढचे मूल नको असे जोडप्याने ठरवणे हे त्या पत्राला मान्य आहे. वाद संख्येचा नाही, उपायाचा आहे. स्त्रीच्या मासिक चक्रातले गर्भ न राहण्याचे दिवस ओळखून त्यानुसार वागणे चर्चला चालते. गोळी, निरोध, शस्त्रक्रिया चालत नाही. पतिपत्नीचे मीलन आणि संततीची शक्यता या दोन गोष्टी देवाने एकत्र बांधल्या आहेत, माणसाने आपल्या हाताने ती गाठ सोडू नये, असा त्यामागचा विचार आहे. पटो वा न पटो, पण तो विचार आहे, नुसता हट्ट नाही, एवढे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

आता बर्मिंगहॅमकडे वळू. संततिनियमनाची गोळी ब्रिटनमध्ये सर्वांना मिळू लागण्याआधी तिची चाचणी ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत बर्मिंगहॅमच्या कुटुंबनियोजन केंद्राचा मान पहिल्यांपैकी आहे. १९६० मध्ये तिथल्या बायकांनी ही गोळी घेऊन पाहिली आणि १९६१ मध्ये त्या चाचणीचा अहवाल ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारी आरोग्यसेवेतून गोळी लिहून देता येईल, असे आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी पार्लमेंटात जाहीर केले. कामासाठी आलेली आयरिश कॅथलिक कुटुंबे त्या शहरात मोठ्या संख्येने राहत होती. शेजारणीला दवाखान्यात मिळते ते आपल्याला का नाही, हा प्रश्न त्यांच्या घरात शिरणे स्वाभाविक होते.

रोमलाही तो प्रश्न पडला होता. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये विचारविनिमयासाठी एक लहानसे मंडळ नेमले आणि पुढे सहावे पॉल यांनी ते सत्तरांहून अधिक सभासदांपर्यंत वाढवले. त्या मंडळात धर्मशास्त्री होते, डॉक्टर होते, बिशप होते. मात्र ज्यांच्या पोटाचा हा प्रश्न, त्या विवाहित स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. तरीही १९६६ मध्ये बहुमताने, शिकवण बदलावी असाच सल्ला दिला गेला. १९६७ मध्ये तो वृत्तपत्रांतून फुटला आणि जगभरच्या कॅथलिक घरांत आशा पालवली. दुसऱ्या वर्षी पोपनी तो सल्ला बाजूला ठेवून जुनीच बंदी कायम केली. ज्यांनी दोन वर्षे वाट पाहिली त्यांच्यावर काय ओढवले असेल याची कल्पना करता येते.

ती कल्पना डेव्हिड लॉज यांनी कादंबरीतून घडवली. लॉज हे स्वतः कॅथलिक. १९६० पासून १९८७ पर्यंत ते बर्मिंगहॅम विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवीत. १ जानेवारी २०२५ रोजी ते वारले. १९६५ च्या त्यांच्या एका कादंबरीत एक गरीब संशोधक विद्यार्थी आहे. तीन मुले झाली आहेत, चौथे येते की काय या धास्तीत त्याचा सगळा दिवस जातो. थर्मामीटर, तापमानाचे तक्ते आणि तारखांचे हिशेब यांतच त्या नवराबायकोचा संसार अडकला आहे. वाचक हसतो, पण ते हसू घशात अडकते. पुढे १९८० मध्ये ‘तुम्ही किती दूर जाऊ शकता?’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची दुसरी कादंबरी आली. तिच्यात कॅथलिक तरुणतरुणींचा एक गट लग्ने करतो, मुले वाढवतो आणि एकेक जोडपे आपापला निर्णय घेते. कोणी दरवाजा आपटून चर्च सोडले नाही, तरी या एका बाबतीत विचारणे सोडले. प्रत्यक्षातही इंग्लंडमध्ये बहुतांशी हेच घडले. आज्ञा पाळली जात नाही आणि मागेही घेतली जात नाही. अशा आज्ञेने माणूस शहाणा होत नाही, फक्त गप्प बसायला शिकतो. धर्मसत्तेचे यातून जे नुकसान झाले ते गोळीने झालेले नाही.

त्याच बर्मिंगहॅममध्ये या कोंडीवर उतारा सुचवणारा एक माणूस शंभर वर्षे आधी होऊन गेला होता. कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी आपल्या उत्तरायुष्याची चाळीसहून अधिक वर्षे त्या शहरात काढली आणि १८९० मध्ये तिथेच देह ठेवला. पोप श्रद्धेच्या बाबतीत चुकू शकत नाहीत असे १८७० मध्ये ठरल्यावर, आता कॅथलिकांना स्वतःची बुद्धी उरली काय, असा सवाल ग्लॅडस्टन यांनी केला. न्यूमन यांनी १८७५ मध्ये त्याला छापील उत्तर दिले. जेवणानंतर पेला उचलायची वेळ आलीच, तर मी तो आधी सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने उचलीन आणि मग पोपच्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. संततिनियमनावर त्यांनी काही लिहिले नाही. शिवाय सदसद्विवेक म्हणजे मनाला येईल ते करणे नव्हे, त्याला हक्क आहेत कारण त्याला कर्तव्ये आहेत, हेही त्यांनी बजावले. पण १९६८ नंतर जे कॅथलिक अस्वस्थ झाले, त्यांना धीर दिला तो या जुन्या पुस्तिकेने. अशा न्यूमन यांना चर्चने २०१९ मध्ये संतपद दिले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी चर्चचे आचार्य म्हणून गौरविले. ज्याने विवेकाला पहिला मान दिला त्याला चर्चनेच आचार्य मानले, यात पुष्कळ काही आले.

परंतु पाळण्यांचा हिशेब फक्त धर्मगुरूच ठेवतात असे नाही. ‘ह्यूमाने विते’ निघण्याच्या तीनच महिने आधी, २० एप्रिल १९६८ रोजी, बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात इनॉक पॉवेल यांनी ते कुप्रसिद्ध भाषण केले. ज्यांनी गोळीची वाट मोकळी करून दिली होती तेच हे गृहस्थ. कॉमनवेल्थमधून आलेले लोक आणि त्यांची संतती पंधरा-वीस वर्षांत पस्तीस लाखांवर जाईल, असे भय त्यांनी घातले. आपले भारतीय आणि वेस्ट इंडियन बांधव त्या शहरात कारखाने चालवत होते, बसगाड्या हाकत होते, रुग्णांची सेवा करत होते. पॉवेल यांना दिसले ते मात्र त्यांचे पाळणे! दुसऱ्याच दिवशी पक्षनेते हीथ यांनी त्यांना पदावरून दूर केले. पण दुसऱ्या जमातीची मुले मोजण्याची खोड काही दूर झाली नाही.

ही खोड आमच्या बेटालाही आहे. आपण प्रामाणिकपणे सांगूया. कोणत्या जमातीची किती माणसे, हा प्रश्न इथे निवडणुकीच्या जागांशी बांधलेला आहे. जमात विचारणारी शेवटची जनगणना १९७२ ची, आणि ‘बेस्ट लूझर’च्या जागांचा हिशेब तिच्यावर टेकला. त्यामुळे त्यांची वाढली की आपली, ही कुजबुज लग्नाच्या मांडवातही ऐकू येत असे. याच वातावरणात १९५७ मध्ये कुटुंबनियोजन संस्था स्थापन झाली, तेव्हा तिला विरोध झाला यात नवल नाही. मलेरिया हटला होता, मुले जगू लागली होती, आणि १९६१ मध्ये टिटमस आणि मीड या इंग्रज पंडितांनी या बेटाच्या भवितव्याचे काळेकुट्ट चित्र रंगवले होते. अशा वेळी कॅथलिकांनी काय केले? ते नुसते विरोध करत बसले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी ‘आक्सियों फामिलियाल’ ही संस्था काढून आपल्या धर्माला मान्य असणारी नैसर्गिक पद्धत घरोघर शिकवायला सुरुवात केली. सरकारने दोन्ही संस्थांना मदत केली. ज्याला जी वाट पटेल ती त्याने धरावी, असे ठरले. १९६० च्या दशकाच्या आरंभी बाईमागे सुमारे सहा मुले होती, ती १९७० च्या दशकाच्या आरंभी सुमारे साडेतीनवर आली. सक्ती न करता असे झाल्याचे उदाहरण जगात विरळा. रोममध्ये जो पेच सुटला नाही तो या चिमुकल्या बेटाने व्यवहारात सोडवला, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

कॅथलिकांकडे बोट दाखवणाऱ्यांनी आपलाही इतिहास आठवावा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. विल्सन हे प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचे कॉलेज. तिथली त्यांची प्राध्यापकी गेली, हे खरे. पण त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले भरायला लावणारे आणि त्यांची टिंगल करणारे बहुतेक आपलेच सनातनी लोक होते. १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला. तिथे कोणी पोप बसला नव्हता. ‘अष्टपुत्रा भव’ हा आशीर्वाद देणारे आम्हीच, आणि तीन मुलींनंतर चौथ्या खेपेला मुलगा होईल म्हणून सुनेला बाळंतपणात लोटणारेही आम्हीच. थर्मामीटरच्या धर्मापेक्षा हा धर्म हलका होता असे कोणी समजू नये.

आणि दुसऱ्या बाजूची सक्तीही आपल्याच मुलखात झाली. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात भारतात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक ठिकाणी गरिबांना धरून नेले गेले. १९७६ मध्येच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, तीन मुलांनंतर सक्ती करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, हे सुदैव. हे साधन सत्ताधाऱ्यांच्या हातात गेले तर ते लोकांवर लादले जाईल, असा इशारा १९६८ च्या त्या धर्मपत्रात होता. पोपचा उपाय आम्हाला पटत नाही, पण ते भय खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

यातून आमचे मत काय ते स्पष्ट सांगतो. किती मुले आणि कोणत्या उपायाने, हे ठरवण्याचा अधिकार त्या नवराबायकोचा, आणि त्यातही जिच्या शरीरावर बाळंतपणाचा भार पडतो तिचा शब्द आधी. धर्माने सल्ला द्यावा, डॉक्टरने माहिती द्यावी, सरकारने दवाखाना द्यावा. हुकूम कोणीच देऊ नये. कॅथलिक शेजारीण तापमानाचा तक्ता ठेवत असेल तर तिला हसू नये. तिने गोळी घेतली तर तिला बाटवल्यासारखे पाहू नये. हा तिच्या आणि तिच्या देवामधला प्रश्न आहे.

आज वारा उलटा फिरला आहे. मॉरिशसमध्ये बाईमागे मुलांचे प्रमाण दीडच्याही खाली आले आहे. शाळांतले वर्ग रिकामे होत आहेत आणि म्हाताऱ्यांची काळजी वाढत आहे. आता नवे हिशेबनीस पुढे येतील. कोणी म्हणेल, देशासाठी मुले वाढवा. कोणी म्हणेल, मराठी जमात लहान आहे, ती नाहीशी होईल, म्हणून वाढवा. आम्हालाही आमची भाषा आणि आमची झाकरी टिकावी असे मनापासून वाटते. पण ती टिकेल ती आहेत त्या मुलांशी घरात मराठी बोलल्याने. सुनेच्या मागे लागल्याने नाही. एकच मूल हवे असे ठरवलेल्या जोडप्याला सणासुदीला टोचून बोलणे थांबवा. ज्यांना दोन-तीन हवी आहेत पण घरभाडे आणि नोकरीपायी जमत नाही, त्यांच्या मुलाला दोन तास सांभाळायला पुढे व्हा. आणि पुरुषांनो, दवाखान्यात बायकोला एकटीला पाठवू नका, सोबत जा. निर्णय दोघांचा म्हणायचा आणि ओझे एकीवर टाकायचे, हे आता पुरे झाले.