पैशांबरोबर हातही हवेत

१४ जुलै २०२१च्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. १३०हून अधिक माणसे गेली. कॅथलिक माल्टेझर आणि प्रोटेस्टंट योहानिटर, दोन्ही संस्थांचे स्वयंसेवक मदतीला धावले. पंथ वेगळे, काम एकच. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले, तेही अशाच श्रद्धेतून.

‘ते त्यांच्या धर्माचे काम, आपला काय संबंध?’ असे काही पालक म्हणतात. मला ते पटत नाही. आपण पैसे पाठवतो, ते चांगलेच. पण रक्त थांबवायला, छातीवर दाब द्यायला शिकलेले हात लागतात. या संस्थांचा प्रथमोपचार वर्ग एका दिवसात होतो. मुलांनो, ड्रायव्हिंग लायसन्ससाठी तो करावाच लागेल. नुसत्या कागदासाठी करू नका, मन लावून शिका!