१०७ पॉइंट्स, तरी वेटिंगवर!

'वेलकम टू रेक्सहॅम' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. हॉलिवूडचे दोन नट एक गाळात गेलेला वेल्श क्लब विकत घेतात, पैसा ओततात, आणि २०२३ मध्ये क्लब नॅशनल लीग जिंकून वर चढतो. टाळ्या, शॅम्पेन, रडारड. सगळं मस्त. फक्त त्या सीझनचं पॉइंट टेबल एकदा उघडा आणि रेक्सहॅमच्या एक ओळ खाली बघा. तिथे नॉट्स काउंटी आहे. ४६ मॅचेस, फक्त तीन पराभव, ११७ गोल, १०७ पॉइंट्स. त्यांच्या मकॉली लँगस्टाफने एकट्याने लीगमध्ये ४२ गोल मारले. तिसऱ्या नंबरवरचं चेस्टरफील्ड ८४ पॉइंट्सवर, म्हणजे तब्बल २३ पॉइंट्स मागे.

आणि एवढं करून काउंटीला मिळालं काय? वेटिंगचं तिकीट.

कारण नियम तसा आहे. इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजन झाल्या की पाचव्या पायरीवर नॅशनल लीग येते. या सीझनमध्ये तिथून फक्त चॅम्पियन थेट लीग टूमध्ये जाणार होता. दुसरी जागा एकच, आणि तिच्यासाठी दुसऱ्यापासून सातव्या नंबरपर्यंतच्या सहा टीम्स प्ले-ऑफ खेळणार. दुसऱ्या-तिसऱ्याला सवलत एवढीच की ते थेट सेमीफायनलमध्ये, तीही घरच्या मैदानावर. पण मॅच एकच. हरलात की वर्ष गेलं.

काउंटीसमोर सेमीफायनलला आलं बोरहॅम वुड. सहावा नंबर, ७२ पॉइंट्स. चक्क ३५ पॉइंट्सचा फरक! आणि घरच्या मैदानावर काउंटी ०-२ ने मागे. शेवटच्या क्षणी बरोबरी, मग एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२. पुढे वेम्बलीवर चेस्टरफील्डविरुद्ध पुन्हा पिछाडी, पुन्हा एक्स्ट्रा टाइम, २-२, आणि पेनल्टी शूटआउट. त्यासाठी काउंटीने आर्ची मेअर या बदली गोलकीपरला मुद्दाम उतरवलं. ४-३ ने जिंकले एकदाचे. हा १८६२ चा क्लब, जगातला सर्वात जुना प्रोफेशनल फुटबॉल क्लब. युव्हेंटसचे काळे-पांढरे पट्टे यांच्यावरूनच घेतलेले. आधीची सलग तीन वर्षं प्ले-ऑफमध्येच अडकून बसले होते.

'शेवटी गेले ना वर? मग रडताय कशाला?' असं कोणी म्हणेल. त्यांनी दोन वर्षं पुढे यावं. २०२४-२५ मध्ये यॉर्क सिटीने ९६ पॉइंट्स मिळवले आणि दुसरा नंबर काढला. सेमीफायनल घरी, समोर पाचव्या नंबरचं ओल्डहॅम, ७३ पॉइंट्सवाले. निकाल ०-३. ओल्डहॅमने मग वेम्बलीवर साउथएंडला एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२ ने हरवलं आणि बढती घेतली. ऑगस्टपासून सीझनभर दाखवलेलं सातत्य एका मॅचमध्ये रद्दीत. बारावीचे मार्क की सीईटीचं पर्सेंटाइल, हा वाद घरी घातलेल्या कुणालाही यॉर्कवाल्यांचं दुखणं समजावून सांगायची गरज नाही.

आता गंमत बघा. हाच यॉर्क २०२२ मध्ये सहाव्या पायरीवरून पाचव्यावर आला तो प्ले-ऑफ जिंकूनच. त्यामुळे 'प्ले-ऑफ बंद करा' ही ओरड मला पटत नाही. टेबल खोटं बोलत नाही, जो वर तो वर, हे ऐकायला छान वाटतं. पण प्ले-ऑफ नसताना काय व्हायचं? फेब्रुवारी संपता संपता अर्ध्या टीम्सचा सीझन संपलेला. ना चढण्याची आशा, ना घसरण्याची भीती. खालच्या डिव्हिजनचे क्लब टीव्हीच्या पैशांवर नाही, बरेचसे गेटच्या पैशांवर जगतात. तेराव्या नंबरवर निवांत पडलेल्या टीमची मॅच बघायला मंगळवारच्या थंडीत, पावसात कोण येणार? १९८६-८७ मध्ये प्ले-ऑफ आले आणि एप्रिलमध्ये नवव्या-दहाव्या नंबरवरचा माणूसही कॅल्क्युलेटर घेऊन बसायला लागला.

अर्थात अन्यायाचा आरोप त्या पहिल्याच वर्षापासून आहे. तेव्हाच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये वुल्व्ज ७९ पॉइंट्स घेऊन चौथे, ऑल्डरशॉट ७० घेऊन सहावं. दोन लेगच्या फायनलमध्ये ऑल्डरशॉट एकूण ३-० ने जिंकलं आणि वर गेलं. वुल्व्जने पुढच्याच वर्षी चॅम्पियन होऊन हिशोब चुकता केला. ऑल्डरशॉट बिचारं १९९२ मध्ये दिवाळखोरीत बुडालं. म्हणजे ती बढती ही त्या क्लबच्या शेवटच्या चांगल्या आठवणींपैकी एक. ती हिसकावून घ्यायला माझं मन होत नाही.

आणि शेफील्ड वेन्सडेचं काय करायचं? २०२२-२३, लीग वन. ९६ पॉइंट्स, तिसरा नंबर. प्ले-ऑफला ७७ पॉइंट्सवालं पीटरबरो, सहाव्या नंबरचं. पहिल्या लेगमध्ये वेन्सडे ०-४ ने आपटले. दुसरा लेग घरच्या हिल्सबरोवर. इंज्युरी टाइममध्ये आठव्या मिनिटाला लियम पामरने गोल मारून चार गोलची पिछाडी भरून काढली, मग एक्स्ट्रा टाइममध्ये दोन्हीकडून एकेक गोल, एकूण ५-५, आणि पेनल्टीवर वेन्सडे पुढे! फायनलमध्ये बार्न्सलीविरुद्ध १२० मिनिटं उलटून गेल्यावर जोश विंडासचं हेडर, १-० आणि बढती. असली रात्र टेबल देऊ शकत नाही, राव. यूट्यूबवर हायलाइट्स बघा, शर्ट भिजेल.

मग वेन्सडेचे ९६ आणि यॉर्कचे ९६ यांत फरक काय? माझ्या मते बराच. लीग वनमध्ये पहिले दोन थेट वर जातात. वेन्सडे तिसरे होते, त्यांच्यापेक्षा दोघं सरस ठरले होते. त्यांची तक्रार समजू शकते, पण त्यांचा हक्क मारला असं नाही म्हणता येत. लीग टूमध्ये तर पहिले तीन थेट वर, चौथा प्ले-ऑफमधून. म्हणजे २४ पैकी चार. आणि याच लीग टूमधून खाली नॅशनल लीगमध्ये जातात फक्त दोन. खोट आहे ती इथे. वर जाताना चार दारं, खालच्यांना आत यायला दोन. मग त्या दोनपैकी एक चॅम्पियनला दिलं की उरलेल्या एकासाठी १०७ पॉइंट्सवाले आणि ७१ पॉइंट्सवाले एकाच रांगेत उभे.

नॅशनल लीगच्या क्लबांनी २०२५ मध्ये यासाठी 'थ्री-अप' नावाची मोहीम काढली: तीन वर, तीन खाली. मागणी रास्त आहे. अडचण अशी की दार रुंद करायला वरच्या क्लबांचीच संमती लागते. लीग टूमध्ये बाविसाव्या नंबरवर धापा टाकणारा क्लब स्वतःला खाली ढकलणाऱ्या नियमाला हात वर करेल? लोकल पकडेपर्यंत 'अरे जागा द्या' म्हणणारा आत शिरल्यावर दारात आडवा उभा राहतो, त्यातलाच प्रकार. खाली गेल्यावर परत चढायला किती वर्षं लागतात हे त्यांना यॉर्ककडे, काउंटीकडे बघून पक्कं ठाऊक आहे. पण ती भीती दार अरुंद असल्यामुळेच आहे ना? परतीची वाट सोपी असती तर खाली पडणं एवढं जीवघेणं वाटलं नसतं.

तीन दारं झाली तर दुसरा नंबर थेट वर जावा आणि तिसऱ्या दारासाठी प्ले-ऑफ रंगू द्यावा. आणि तोवर? तोवर आपल्या आयपीएलकडून एक गोष्ट उसनी घ्यायला काय हरकत आहे? २०११ पासून तिथे पहिल्या दोन टीम्सना फायनल गाठायच्या दोन संधी मिळतात. क्वालिफायर वन हरलात तरी क्वालिफायर टू शिल्लक. नॅशनल लीगमध्येही दुसऱ्या आणि तिसऱ्याची आधी मॅच लावा. जिंकेल तो थेट वेम्बलीवर, हरेल त्याला अजून एक चान्स. एखाद-दुसरी मॅच वाढेल, गेटचे पैसेही वाढतील. २०२५ मध्ये हा नियम असता तर यॉर्कला फायनलच्या आधी बाहेर काढायला दोन पराभव लागले असते. ओल्डहॅमला त्यांना कदाचित तरीही हरवता आलं असतं. तसं झालं असतं, तर मी गप्प बसलो असतो.