कारळ्याचे दूरचे गिऱ्हाईक

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांच्या परसात उन्हाळ्यात एक पिवळाधमक, काळ्या पंखांचा चिमुकला पक्षी येतो. तो अमेरिकन गोल्डफिंच, १९३५ पासून त्या राज्याचा राज्यपक्षी. त्यास बोलवावयाचे तर ठेवावे काय? आपल्या चटणीतले कारळे! भारतातून हे बी तिकडे पक्ष्यांच्या दाण्यासाठीच जाते. सोबत आलेले अमरवेलीसारख्या तणांचे बी तेथे रुजू नये म्हणून ते १२० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे तापवावे लागते. निर्यातीची कागदपत्रे तपासण्यात हयात गेलेल्या मला ही अट मोठी रंजक वाटते.

बारीक चिरांची नळी टांगावी. पक्षी तिला बिलगून एकेक बी टिपतात. गोल्डफिंच जवळजवळ पूर्णतः बियांवर जगतो. पिलांनाही तो कीटक नव्हे, बियाच भरवितो.

मात्र कारळे तेलकट. फार दिवस पडून राहिले की खवट होते आणि हा चोखंदळ पाहुणा फिरकत नाही. मोठे पोते स्वस्त पडते, हा आपला हिशेब येथे लागू नाही. त्याहून गंभीर बाब स्वच्छतेची. विष्ठेने माखलेल्या, ओलसर नळीतून साल्मोनेलाचा संसर्ग पसरतो आणि आपण घातलेल्या दाण्यानेच पक्षी दगावतात. म्हणून दर पंधरवड्यास नळी धुवावी, पूर्ण वाळवावी, मगच भरावी. आजारी पक्षी दिसल्यास काही आठवडे ती उतरवूनच ठेवावी. एवढी निगा जमणार नसेल, तर सूर्यफुले लावावीत आणि वाळलेली फुले न कापता तशीच उभी राहू द्यावीत.