बुधवारचा खिमा

गेल्या बुधवारी रात्री पावणेनऊला मी ऑफिसातून घरी पोचलो आणि साडेनऊला आम्ही जेवायला बसलो होतो. जेवण काय, तर टोमॅटोच्या दाट रश्शात शिजलेला खिमा, त्यात बडीशेप आणि ओरेगॅनो, तो बटरवर भाजलेल्या पावात कोंबलेला, वरून किसलेलं चीज. अमेरिकेत या प्रकाराला 'स्लॉपी जो' म्हणतात. त्यात ओरेगॅनो पडला की तो 'इटालियन स्टाईल' होतो. खाताना रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत येतो, तेव्हा ऑफिसचा शर्ट बदलून बसावं, एवढीच सूचना.

आता यात लिहिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पंचेचाळीस मिनिटांत खिमा-पाव तर हॉस्टेलची पोरंही करतात. मान्य. पण या पंचेचाळीस मिनिटांवरून माझं एक मत बनलंय आणि ते मला महागात पडलंय, म्हणून सांगतो. रविवारी मटण करणाऱ्या पुरुषाला 'स्वयंपाक येतो' असं म्हणू नये. बुधवारी रात्री जो करतो, त्याला येतो. मी स्वतः अकरा वर्षं पहिल्या जातीतला होतो.

थोडं मागे जातो. माझं गाव केळझर. नागपूरहून वर्ध्याला जाताना सेलूच्या अलीकडे लागतं, टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. आमच्या घरी आई माळकरी. त्यामुळे मटण घरात शिजत नसे, मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर शिजे. त्याचा गंज वेगळा, सराटा वेगळा, तिखटमिठाचा डबासुद्धा वेगळा. रविवारी सकाळी बाबा आणि काका लुंग्या खोचून चुलीपाशी बसायचे. एक जण फुंकायचा, दुसरा चव बघायचा. आम्ही पोट्टे भोवती. वरती लाल तर्री आली की बाबा गंजावरचं झाकण असं उघडायचे, जसं काही नाटकाचा पडदा. सगळे म्हणायचे, "बावा, भाऊच्या हाताला चव हाये!"

मला फार उशिरा लक्षात आलं की त्या मटणातला मसाला पाट्यावर आई वाटायची. खोबरं, खसखस, धणे, मिरी, सगळं भाजून. कांदे ती चिरायची. सांबार (तुमच्या पुण्याची कोथिंबीर हो) ती निवडायची. बारा माणसांच्या ज्वारीच्या भाकरी तिच्या, आणि स्वतःसाठी वरण वेगळं. मटणाला तिने हात लावला नाही हे खरंच, पण बाकी सगळ्याला लावला. गंज घासायचा काकूने. आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत बाबांच्या हाताची चव कोणी घेतल्याचं मला आठवत नाही.

हाच खेळ मी पुण्यात टू-बीएचकेमध्ये चालवला. रविवारी सकाळी सावजी मटण. मसाला स्वतः भाजायचा (नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांकडून आलेला हा प्रकार, त्यात दगडफूल नाही पडलं तर तो सावजी नव्हेच, असं प्रवचन पाहुण्यांना द्यायचं), मित्र बोलवायचे, तीन वाजता जेवायचं, चार वाजता झोपायचं. ओट्याकडे बघायचं नाही. एका रविवारी बायको शांतपणे म्हणाली, "तू स्वयंपाक करत नाहीस. तू कार्यक्रम करतोस."

मी चिडलो. मग भांडी मोजली. सतरा.

तीही माझ्यासारखीच सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिचे रात्रीचे कॉल माझ्यापेक्षा जास्त असतात. आमच्याकडे पोळ्यांच्या मावशी सकाळी येतात. संध्याकाळी आठ वाजता घरात एक प्रश्न उभा राहायचा आणि दोघंही आपापल्या लॅपटॉपच्या मागून तो कोण उचलतंय याची वाट बघायचो. कोणीच नाही उचलला की ॲप उघडायचं. महिन्याचा हिशोब बघितला तर ते बिल गाडीच्या हप्त्याला टेकलं होतं.

आता केळझरच्या माणसाला इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आमचं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडे मानतात. (एरंडोलवालेही तेच म्हणतात. त्यांचं त्यांच्यापाशी.) बकासुराची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते, पण गाडाभर अन्न, दोन रेडे आणि भीमाची कुस्ती एवढंच लक्षात राहतं. मला आता त्यातली 'पाळी' जास्त महत्त्वाची वाटते. रोज एका घरावर पाळी, आणि अन्न घेऊन जाणारा माणूसही त्या अन्नातच धरलेला. ज्या ब्राह्मणाकडे पांडव उतरले होते त्याच्यावर पाळी येते, तेव्हा त्या घरात वाद होतो तो उलटा आहे. नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि बोबडं बोलणारं पोरगं हातात गवताची काडी घेऊन म्हणतं, मी याने राक्षसाला मारतो. आमच्या टू-बीएचकेमध्ये राक्षस नव्हता, नुसती भूक होती, तरी गवताची काडी उचलायला कोणी तयार नाही! आणि हो, त्याच गोष्टीत रोजच्या भिक्षेचे दोन भाग व्हायचे, एक भाग एकट्या भीमाला आणि दुसऱ्यात बाकी सगळे. वाटणी करणार कुंती. घरोघरी हेच.

असो. तर आम्ही पाळी ठरवली. बुधवार आणि शुक्रवार माझे.

बुधवार का, हे मराठी माणसाला सांगायला नको. इंग्रजी पाककृतीत 'वीकनाइट' म्हणजे सोमवार ते शुक्रवार कुठलीही रात्र. आमच्याकडे सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा (आणि मी तर केळझरचा), गुरुवार महाराजांचा, शनिवार मारुतीचा. त्यात चतुर्थ्या, एकादश्या आणि अख्खा श्रावण वजा करा. उरलेल्या तारखांत खिमा बसवायचा म्हणजे रिलीज कॅलेंडर लावण्यासारखंच आहे. मी देवभोळा नाही, पण आईचा फोन रोज रात्री नऊला येतो आणि "काय जेवला रे?" हा तिचा पहिला प्रश्न असतो. खोटं बोलण्यापेक्षा बुधवार बरा.

आता करायचं कसं. चौघांना पुरेल असं सांगतो, आम्ही दोघं असलो तरी. उरलेला खिमा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. पण दुसऱ्या दिवशी गुरुवार असतो, म्हणून डब्यात घालून फ्रीजरमध्ये जातो आणि शुक्रवारी बाहेर येतो.

अर्धा किलो चिकनचा खिमा घ्या. मटणाचा चवीला उजवा, पण त्याला कुकरच्या तीन-चार शिट्ट्या लागतात. बुधवारी नाही, शुक्रवारी करा. मूळ अमेरिकन पाककृतीत बीफ असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचं मांसही कायद्याने बंद आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपला. एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून सांगा: मांस आधी धुवा, मग खिमा करा. घरी आणून खिमा धुतला की तो पाणी धरतो आणि मग कढईत परतला जात नाही, उकडला जातो. माझे पहिले तीन बुधवार या एका चुकीत गेले. पांढरट, रबरासारखे गोळे. बायकोने मुकाट्याने खाल्ले, हे तिचं मोठेपण.

कढई चांगली तापू द्या. दोन चमचे तेल, त्यात एक चमचा बडीशेप जराशी कुटून. हीच या प्रकारातली खरी 'इटालियन' गोष्ट. तिकडच्या सॉसेजला जो वास असतो तो बराचसा बडीशेपेचा. ओरेगॅनो नसला तरी चालेल, बडीशेप हवी. मग खिमा पसरा आणि दोन-तीन मिनिटं हलवू नका. हे फार कठीण आहे, आपल्या हाताला ढवळायची सवय असते. खालून तांबूस झाला की उलटा, फोडा, बाजूला काढा. त्याच कढईत दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या आणि एक किसलेलं गाजर. गाजराने टोमॅटोचा आंबटपणा मोडतो, साखर घालावी लागत नाही. मग चार पिकलेले टोमॅटो मिक्सरमधून काढून, लाल तिखट, मीठ. तेल सुटेपर्यंत थांबा. सगळं इथेच अडतं किंवा साधतं. कच्च्या टोमॅटोच्या पाण्यात खिमा घातला तर पाव तीन मिनिटांत लगदा होतो.

पाककृतीत इथे अर्धा कप रेड वाइन लिहिलेली असते. मी वर्धा जिल्ह्याचा, आमच्याकडे दारूबंदी आहे. सवयीने हात आखडतो. एक चमचा व्हिनेगर घाला, काम होतं. खिमा परत टाका, झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं. ओरेगॅनो शेवटी. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतातच, त्यांचं आयुष्य सार्थकी लागू द्या :)

तेवढ्या वेळात पाव उभे चिरून तव्यावर बटर लावून भाजा. आतली बाजू नीट कडक झाली पाहिजे, रस्सा अडवायचं काम तिचं आहे. वरून चीज किसा, झाकण ठेवा, संपलं. कढई, तवा, मिक्सरचं भांडं, सुरी. सतराच्या जागी चार.

यावर दोन बाजूंनी हल्ला होतो. एक, माझा युरोपला जाऊन आलेला मित्र. त्याचं म्हणणं, "हे इटालियन नाहीच." अरे, नाहीच. बोलोन्याच्या खिम्याच्या रस्स्याची, म्हणजे रागूची, पाककृती तिथल्या पाकशास्त्र अकादमीने १९८२ साली चक्क चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवली, २०२३ मध्ये ती सुधारली. त्यात दूध आहे, लसूण नाही, ओरेगॅनो नाही, आणि तो दोन-दोन तास शिजतो. म्हणजे तोही तिकडचा रविवारच झाला. आणि अमेरिकेत १९६९ साली स्लॉपी जोचा डबाबंद सॉस निघाला तो कशासाठी? त्यांच्याकडेही कोणीतरी रात्री आठला थकून घरी येत होतंच. शिवाय टोमॅटो ना इटलीचा ना आपला, दोघांकडेही तो अमेरिका खंडातून आला. पाव हा शब्द पोर्तुगीज. धोबी तलावच्या १९०४ सालच्या कयानीत बसून खिमा-पाव खाणाऱ्याने कुणाच्या नावाने भांडायचं?

दुसरा हल्ला घरचा, आणि तो मला जास्त लागतो. काका म्हणतात, "हे काय मटण हाये का बे? तर्री कुठं हाये?" त्यांच्या लेखी ज्याला वेळ लागत नाही त्यात जीव नाही. मलाही अनेक वर्षं तसंच वाटायचं. सावजीला तीन तास लागतात ते खरं आहे आणि ती चव पंचेचाळीस मिनिटांत येत नाही, हेही खरं आहे. माझा खिमा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण ज्या जेवणाला आपण 'खरं' म्हणतो त्यातला निम्मा वेळ नेहमी दुसऱ्याच कुणाचा तरी असतो, पाट्यावरचा, भाकरीच्या तव्यावरचा, राखेने गंज घासण्याचा. तो हिशोबात धरला तर बाबांचं मटण तीन तासांचं नव्हतं, सात तासांचं होतं.

वर्ध्याजवळच सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. शाळेच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं की आश्रमात सफाईपासून रसोड्यापर्यंतची कामं सगळ्यांनी करायची. त्या आश्रमाचं नाव खिम्याच्या लेखात घेतोय, माफ करा. पण पाळीची आठवण तिथलीच आहे.

मागच्या महिन्यात आई पंधरा दिवस आमच्याकडे होती. पहिला बुधवार आला तेव्हा मी म्हटलं, आज डाळ-भात करतो. तर म्हणे, "काहून? तुमचं तुमी करा ना. माह्यासाठी वेगळ्या गंजात करजो." वेगळा गंज नव्हताच घरात. जाऊन नवीन स्टीलचं पातेलं आणलं, नवीन सराटाही. त्यात तोच रस्सा केला, खिम्याच्या जागी भिजवून पिळलेले सोयाबीनचे दाणे, कांदा-लसूण तिला चालत नाही म्हणून दोन्ही वगळून, गाजर जरा जास्त. बडीशेप तीच. पावाला ती जेवण मानत नाही. आमच्या लहानपणी पाव म्हणजे ताप आलेल्या माणसाने चहात बुडवून खायची वस्तू. म्हणून तिने स्वतःपुरत्या दोन भाकरी थापल्या. मी नको म्हणत होतो, ऐकलं नाही.

जेवताना काहीच बोलली नाही. शेवटचा घास झाल्यावर ताट उचलायला लागली, मी हातातून घेतलं. तेव्हा म्हणाली, "मीठ कमी हाये." मग थोड्या वेळाने, मी कढई घासत असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "तुह्या बापानं कधी गंज नाही घासला रे."

त्या रात्री बाबांचा फोन आला, तर तिने तो बाहेर गॅलरीत जाऊन घेतला. काय बोलली ते माहीत नाही. मिठाचं मात्र बरोबर होतं, पुढच्या बुधवारी पाव चमचा वाढवलं.